उघडून राह्यला!

लोणारात कुणाचा कॉम्प्युटर स्लो झाला, की त्याच्यावर मालकाचा एकट्याचा हक्क उरत नाही. दारावरून जाणारा थांबतो, मान वाकडी करून स्क्रीनकडे बघतो आणि निदान सांगतो. ज्याला स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही, तोही ‘रॅम कमी हाये’ एवढं बजावूनच पुढे जातो. कॉम्प्युटर दुरुस्त होतो की नाही हा पुढचा प्रश्न. सल्ल्यावाचून तो राहिला, असं मात्र आमच्या तालुक्यात घडत नाही.

मी सांगतो आहे ते गावातल्या एका ऑनलाइन कामांच्या दुकानाचं. नाव सांगत नाही, कारण दुकान चांगलं आहे आणि चालवणारा पोरगा त्याहून चांगला. बाहेरच्या बोर्डावर सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पॅनकार्ड, झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि लग्नाचा बायोडाटा एवढी कामं लिहिली आहेत आणि ती सगळी आत एकाच कॉम्प्युटरवर चालतात. हा कॉम्प्युटर २०१२च्या सुमाराला जालन्याहून असेंबल करून आणलेला. पाचशे जीबीची हार्ड डिस्क, चार जीबी रॅम. आला तेव्हा आत विंडोज सेव्हन होतं, मध्ये कधीतरी टेन झालं. वर भिंतीला पोराचं एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं आहे. गिऱ्हाईक फार चिडलं की पोरगा काही बोलत नाही, नुसता त्या फ्रेमवरची धूळ पुसतो.

सकाळी शटर वर गेलं की तो आधी सीपीयूचं बटन दाबतो. मग झाडू मारतो, दारात पाणी शिंपडतो, गणपतीला आणि प्रिंटरला उदबत्ती ओवाळतो, टपरीवर चहा सांगून येतो, चहा येतो, चहा संपतो. एवढ्यात स्क्रीनवरचे ठिपके गोल फिरायला लागलेले असतात. पुढे डेस्कटॉप दिसतो, पण दिसला म्हणजे वापरता आला असं नव्हे. दिसल्यावरही आत बराच वेळ कुरकुर चालू असते. ती थांबली की तारीख लावायची. मदरबोर्डवरचा बटनासारखा गोल सेल कधीचाच संपला आहे, त्यामुळे रात्री भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटन बंद झालं की कॉम्प्युटर सकाळी १ जानेवारी २०१२ला जागा होतो. तारीख चुकलेली असली की सरकारी साइट उघडत नाही. साइटच्या सर्टिफिकेटची मुदत ब्राउझर कॉम्प्युटरच्याच घड्याळावरून ताडून बघतो, आणि २०१२ सालातल्या माणसाला आजचं सर्टिफिकेट खोटंच वाटणार. सेल तीस-चाळीस रुपयांना मिळतो. तो आणायचा राहून जातो, कारण एकदा तारीख लावली की दिवसभर त्याची आठवण होत नाही.

“झाला काय चालू?”

“उघडून राह्यला, काका.”

हे उत्तर मी सकाळी साडेनऊला ऐकलं आहे आणि दुपारी बारालाही. पोरगा खोटं बोलत नव्हता.

कॉम्प्युटर उघडला की रिफ्रेश मारायचं. ही विद्या कोणत्या पुस्तकातून आली ते ठाऊक नाही, पण महाराष्ट्रात सायबर कॅफे असल्यापासून ती एकाकडून दुसऱ्याकडे चालत आली आहे. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी उजवं बटन, मग रिफ्रेश. एकदा नाही; तीनदा, पाचदा, मन भरेपर्यंत. आयकॉन एकदा लुकलुकतात आणि माणसाला वाटतं, झाला मोकळा. वास्तविक त्या रिफ्रेशने काय होतं? डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात. संपलं. रॅम रिकामी होत नाही, प्रोसेसरला दम मिळत नाही, हार्ड डिस्कला तर याची वार्ताही नसते. पण हे कुणाला सांगायची सोय नाही. मी एकदा पोराला सांगून पाहिलं. त्याने ऐकून घेतलं, “हो ना काका” म्हणाला आणि बोलता बोलता दोनदा रिफ्रेश मारलं.

चांगल्या कॉम्प्युटरवर हा छंद निरुपद्रवी आहे. स्लो कॉम्प्युटरवर तो अंगाशी येतो. उजवं बटन दाबल्यावर यादी यायलाच अर्धं मिनिट लागतं. पोराला वाटतं बटन लागलं नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो. कॉम्प्युटर सगळं मुकाट्याने लिहून घेतो. मग त्याला जाग येते आणि तो साचलेले सगळे हुकूम एका दमात बजावतो. चार रिफ्रेश होतात आणि उरलेले क्लिक भरकटून ‘न्यू फोल्डर’वर पडतात. त्या डेस्कटॉपवर न्यू फोल्डर चौदापर्यंत पोचले आहेत. आत काही नाही. पण ‘असू दे, काही महत्त्वाचं असलं तर?’ म्हणून ते कोणी काढतही नाही.

डेस्कटॉपचा वॉलपेपर आपल्या लोणार सरोवराचा आहे. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हाचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पुढे शोधून सांगितलं, की फार खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला. फोटो सुंदर आहे म्हणतात. मला तो आयकॉनांच्या फटींतून दिसतो तेवढाच दिसला आहे, पत्रिकेवरच्या मंगळसूत्राच्या डिझाइनच्या फाइलीखाली थोडासा आणि कोपऱ्यात कचरापेटीमागे जरा जास्त. बाकी सगळ्या जागेवर गावातली लग्नं आहेत. ‘बायोडाटा फायनल’, ‘बायोडाटा फायनल २’, ‘खरं फायनल’, ‘मामाने सांगितलेलं फायनल’. यातल्या कित्येकांची पोरं आता शाळेत जातात आणि बायोडाटा अजून डेस्कटॉपवर उपवर आहे.

आता वैद्यमंडळींकडे येऊ.

पहिले गुरुजी. निवृत्त आहेत, रोज पेपर वाचायला दुकानात येतात. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना व्हायरस आहे, फक्त काहींना अजून माहीत नाही. गुरुजींची ही श्रद्धा पेन ड्राइव्हच्या काळातली. तेव्हा एकच पेन ड्राइव्ह शाळेतून झेरॉक्सच्या दुकानात, तिथून पंचायत समितीत आणि तिथून पुन्हा शाळेत हिंडायचा आणि येताना शॉर्टकट व्हायरस घेऊन यायचा. सगळे फोल्डर जागच्या जागी शॉर्टकट होऊन बसायचे आणि पोषण आहाराचा तक्ता गायब. व्हायरसच्याच धास्तीवर पुण्यात एक मोठा मराठी उद्योगही उभा राहिला. कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात काढलेलं क्विक हील. गुरुजी हे अभिमानाने सांगतात आणि तिथूनच त्यांचा उपाय निघतो: आणखी एक अँटिव्हायरस टाका. दुकानातल्या कॉम्प्युटरवर या उपदेशाने दोन अँटिव्हायरस झाले होते. एकाची मुदत संपलेली, तो दर तासाला पैसे मागायचा. दुसरा फुकटचा, तो दर तासाला पहिल्याकडे संशयाने बघायचा. एखादी फाइल उघडायची म्हटलं की आधी हा तपासणार, मग तो तपासणार, मग पुन्हा हा. (कंपन्यांची नावं सांगत नाही. दोष कंपन्यांचा नव्हताच, दोघांना एका घरात नांदवणाऱ्यांचा होता.)

दुसरा कॉलेजचा पोरगा. हा बसत नाही, खुर्चीमागून हात घालून थेट कीबोर्डच ताब्यात घेतो. विंडोज आणि आर दाबतो, ‘टेम्प’ लिहितो, हजारो फाइली निळ्या करून उडवतो. मग ‘प्रीफेच’ लिहितो आणि त्याही उडवतो. त्याचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा असतो. प्रीफेचमध्ये विंडोजने स्वतःसाठी टिपून ठेवलेलं असतं, की कोणता प्रोग्रॅम उघडताना काय काय लागतं. ते पुसलं की पुढच्या वेळी सगळं नव्याने शोधत बसावं लागतं. म्हणजे त्याच्या उपचारानंतर कॉम्प्युटर काही काळ आणखी हळू चालतो आणि तोवर तो परीक्षेला निघून गेलेला असतो.

तिसरे आबा. दैत्यसूदनाच्या देवळाकडे राहतात. आबांचं निदान सगळ्यांत जुनं आणि एका ओळीचं आहे.

“हे सरोवराचं चुंबक हाये. दुसरं काही नाई.”

लोणारात वाढलेल्या माणसाला या वाक्याचा विस्तार करून सांगावा लागत नाही. आकाशातून दगड पडला, खड्डा झाला, खड्ड्याच्या काठी काही जागी होकायंत्राची सुई भरकटते असं सांगतात, आणि आमच्या निजलेल्या मोठ्या मारुतीची मूर्तीही त्याच चुंबकी दगडाची आहे, हे गाव पिढ्यानपिढ्या मानतं. तेव्हा सुई फिरते तर कॉम्प्युटर काय चीज आहे? “मेहकरले नेऊन पाहा बावा, पळते का नाई.” यावर हसायला माझी तयारी होती, पण एक अडचण आहे. हार्ड डिस्क ही वस्तू खरोखरच चुंबकावर चालते. आत आरशासारख्या तबकड्या असतात, त्यांच्यावर चुंबकी मुलामा असतो आणि आपले सातबारे, बायोडाटे, सगळं त्या मुलाम्यात बारीक बारीक चुंबकी ठिपक्यांनी लिहिलेलं असतं. म्हणजे आबांनी आरोपी चुकीचा धरला असेल, पण घर बरोबर दाखवलं. जमिनीतलं चुंबकत्व इतकं क्षीण असतं, की डिस्कच्या पोटातच तिचा हात हलवायला बसवलेले चुंबक त्याच्यापुढे कैक पटींनी जबर. हे मी आबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आतही चुंबक हायेच ना?”

निदानाला वेळ लागतो याचं लोणारकराला नवल वाटू नये. या खड्ड्याची नोंद सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली केली. पुढे किती तरी वर्षं तो ज्वालामुखीच्या खात्यावर जमा होता. १८९६ साली अमेरिकेत गिल्बर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातल्या खड्ड्याचा विचार करताना लोणारचीही आठवण काढली. आणि दगड पडूनच हे झालं याचा पक्का पुरावा ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून यायला १९७३ साल उजाडलं. दीडशे वर्षं! तीही दगड जागेवरून न हलता. वय किती, हे तर अजून भांडणात आहे. एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. पोराला मी हा अकरा पटींचा फरक सांगितला, तेव्हा तो पेन ड्राइव्हमध्ये लग्नाचे फोटो कॉपी करत होता. स्क्रीनवर आधी ‘३ मिनिटं शिल्लक’ होतं, मग ‘१ तास’, मग ‘२ दिवस’, मग एकदम ‘५ सेकंद’, आणि ते पाच सेकंद चहा येऊन गेला तरी चालूच होते. त्या क्षणी जो वेग असेल त्याच वेगाने पुढचं सगळं होईल असं धरून तो आकडा निघतो, म्हणून तो असा उड्या मारतो.

“सायंटिस्ट लोकायचंच ठरून नाई राह्यलं,” पोरगा म्हणाला, “अन् तुम्ही ह्या डब्ब्याले बोलता.”

तरी ती हिरवी पट्टी हवीच. ब्रॅड मायर्स नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९८५ साली असा निष्कर्ष मांडला होता, की काम किती झालं हे दाखवणारी पट्टी माणसांना आवडते. लोणारात ती नुसती आवडत नाही, तिच्यासमोर बाकडं टाकतात. पट्टी नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकली की बाकड्यावरची चार माणसं श्वास रोखतात आणि पाचवा म्हणतो, “हात नका लावू बे कोणी.”

हे सगळं चाललेलं असताना मला कधी कधी वाटायचं, एकदा टास्क मॅनेजर उघडावा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. हा एक उपाय कुणीच सुचवत नाही, कारण तो फुकट आहे आणि त्यात काही पुसलं जात नाही. एके दिवशी उघडला. रॅम काठोकाठ भरलेली, आणि डिस्कच्या खान्यात लालभडक १००%. कॉम्प्युटर चालू झाला की त्याच्याबरोबर चालू होणाऱ्यांची यादी पाहिली. दोन्ही अँटिव्हायरस, तीन प्रिंटरांचे मदतनीस (त्यातले दोन प्रिंटर भंगारात गेले होते), टोरेंट, कधी काळच्या डोंगलचा प्रोग्रॅम, आधारच्या अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, कुणाच्या तरी आयफोनसाठी टाकलेलं काहीतरी, आणि ‘कॉम्प्युटर फास्ट करणारी’ दोन सॉफ्टवेअरं. ही दोन्ही एकमेकांशी शर्यत लावून कॉम्प्युटर फास्ट करत होती.

रॅम भरली की काय होतं ते लग्नाच्या पंगतीवरून सांगतो. मांडवात चार पानांचीच जागा आहे आणि पाहुणे वीस. मग यजमानाने काय करावं? अर्धवट जेवलेल्या एकाला पानासकट उठवून मागच्या ओसरीत बसवायचं, त्याच्या जागी दुसऱ्याला आणायचं. दुसऱ्याने दोन घास खाल्ले की त्याला ओसरीत, पहिल्याला पुन्हा मांडवात. जेवण कुणाचंच होत नाही, यजमानाचं मात्र मांडवातून ओसरीत येरझाऱ्या घालून कंबरडं मोडतं. ही ओसरी म्हणजे हार्ड डिस्क, आणि ती कुरकुर म्हणजे यजमानाच्या चपला. दुकानात आलेला नवा माणूस म्हणतो, ब्राउझरमध्ये आणखी एक टॅब उघड ना, माझा पीकविमा बघू. एकविसावा पाहुणा.

या सगळ्यावर शेवटचा उपाय ‘फॉरमॅट मारणे’. त्यासाठी मेहकरवरून एक जण मोटरसायकलवर येतो. तो आला की दुकानात शांतता पसरते. तो कुणाचं ऐकून घेत नाही, रोग विचारत नाही, खिशातून पेन ड्राइव्ह काढतो आणि म्हणतो, “डी ड्राइव्हमध्ये ठेवलं ना सगळं?” पोरगा ‘हो’ म्हणतो आणि त्याच क्षणी त्याला डेस्कटॉप आठवतो. फॉरमॅट मारला की कॉम्प्युटर खरंच पळतो. पहिले दोन दिवस. त्या दोन दिवसांत प्रिंटर लागत नाही, अंगठ्याचं मशीन ओळखत नाही, श्रीलिपी आणि कृतिदेव हे फॉन्ट गेल्यामुळे गावातल्या सगळ्या पत्रिका इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत दिसतात. मग एकेक टाकायला सुरुवात होते. प्रिंटरचा ड्रायव्हर, फॉन्ट (शेकड्यांनी, कारण कुणाला कोणता लागेल सांगता येत नाही), अँटिव्हायरस, गुरुजींच्या सांगण्यावरून आणखी एक अँटिव्हायरस. चौथ्या आठवड्यात पोरगा पुन्हा प्रिंटरला उदबत्ती ओवाळत असतो आणि ठिपके गोल फिरत असतात.

माझं मत विचाराल तर कॉम्प्युटर म्हातारा होऊन स्लो होतो, हे अर्धंच खरं आहे. प्रोसेसर काल जेवढी बेरीज करत होता तेवढीच आज करतो. वाढतं ते ओझं. निकलाउस विर्थ या स्विस संगणकतज्ज्ञाने १९९५ साली एका लेखात तक्रार केली होती, की यंत्रं जितक्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होत जातं. ती तक्रार आता त्याच्या नावाने नियम म्हणून सांगतात. गुरुजी याच्यावर अकोला जिल्ह्यातलं मुरंबा काढतात. मुरंब्याचे विजय भटकर यांनी पुण्याला सी-डॅकमध्ये १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, अमेरिका द्यायला तयार नव्हती म्हणून. “आजचा खिशातला मोबाइल त्याच्याहून जोरात चालते,” गुरुजी म्हणतात, “अन् त्याच्यावर आपण काय पाह्यतो? गुड मॉर्निंग.” यावर दुकानात कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी सकाळी गुरुजींनीच पाठवलेलं गुड मॉर्निंग पाहिलेलं होतं.

खरा कडेलोट झाला तो जुलै २०२४मध्ये. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि त्याच महिन्यात एक रुपयातला पीकविमाही. दुकानाबाहेर बायांची एक रांग, शेतकऱ्यांची एक. आत चार जीबी रॅम. आधार स्कॅन कर, फोटो काढ, पासबुक जोड, आणि मधल्या वेळात सोयाबीनचा पेरा किती एकर ते भर. कॉम्प्युटर हँग व्हायचा, पोरगा बटन दाबून धरायचा, तो बंद व्हायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. एका मावशींनी दुपारी विचारलं, “बावा, पंधराशे रुपये याच जन्मात भेटतीन ना?” पोराने भिंतीवरची फ्रेम पुसली.

ऑगस्टमध्ये त्याने सीपीयूचं झाकण उघडलं. आतल्या गोष्टींची यादी करावी तेवढी थोडी. गेल्या दसऱ्याच्या पूजेतल्या झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, कापसाचा बारीक भुगा, सोयाबीनच्या मळणीची धूळ, पालीची दोन रिकामी अंडी आणि प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीची अशी गादी, की पंखा फिरत होता तो वारा न हलवता. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. विदर्भातल्या मे महिन्यात माणसंही तेच करतात, पण माणसाला कुणी त्यासाठी फॉरमॅट मारत नाही. धूळ उडवली, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावली, रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या. हा खोडरबराचा उपाय हसण्यासारखा वाटतो, पण संपर्कावरची काजळी त्याने खरंच जाते. तोही केला. आणि तो तीस-चाळीस रुपयांचा सेल बदलला. कॉम्प्युटर पहिल्यांदा आजच्या तारखेला जागा झाला. पोराला ते इतकं परकं वाटलं, की त्याने सवयीने पुन्हा तारीख लावली.

मग एसएसडी. तेव्हा अडीचशे जीबीची दीड-दोन हजारांत मिळत होती. जुनी डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. ऐकायला जोरदार वाटतं, पण एखादा तुकडा शोधायला तिच्या हाताला तबकडीवर जागेवर जाऊन तो तुकडा खाली येण्याची वाट बघावी लागते. त्यात दहा-बारा मिलिसेकंद जातात आणि विंडोज उघडताना असे तुकडे हजारोंनी लागतात. एसएसडीत फिरणारं काही नाही, हात नाही, वाट बघणं नाही. शंभरावा हिस्सा वेळ. त्याबरोबर आणखी चार जीबीची रॅम. यजमानाला आठ पानांची जागा झाली.

बटन दाबलं. पोरगा झाडू घ्यायला वळला आणि वळेपर्यंत डेस्कटॉप हजर. तो झाडू हातात घेऊन उभाच राहिला. चहावाल्याने समोरून हात करून विचारलं, “सांगायचा का?” पोराने मान हलवली. नाही, वेळ नाही.

आता कॉम्प्युटर फास्ट झाला, तर गाव सुखी व्हायला हवं होतं. चहावाल्याचा सकाळचा धंदा निम्म्यावर आला. बाकड्यावरची बैठक मोडली, कारण बसायला कारण उरलं नाही. आणि पोराचं सगळ्यांत मोठं नुकसान झालं. आजवर अर्ज अडकला, पैसे आले नाहीत, नाव चुकलं, काहीही झालं तरी ‘कॉम्प्युटर स्लो हाये’ म्हणता यायचं. तो आधार गेला. आता वीस सेकंदांत विंडोज उघडतं, दोन सेकंदांत ब्राउझर उघडतो, आणि मग पांढऱ्या स्क्रीनवर एक बारीक गोल फिरत राहतो. सर्व्हर डाऊन. म्हणजे इतकी वर्षं लोणारचा कॉम्प्युटर ज्याचा दोष आपल्या अंगावर घेत होता तो कुठे तरी दूर, थंड खोलीत, कुणाच्याही बाकड्यापासून लांब बसला होता.

ज्या दिवशी सर्व्हर चालू असतो त्या दिवशी वेगळी भानगड. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा सातबारा एका मिनिटात छापून निघाला. त्याने कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

“इतक्या लवकर?”

“हो ना बाबा. नवीन टाकली ना एसएसडी.”

“बरोबर हाये ना पण? पुन्हा एकदा काढून पाह्य बरं.”

पोराने पुन्हा काढला. आता तो शहाणा झाला आहे. कागद निघाला तरी लगेच देत नाही, स्क्रीनकडे बघत थोडा वेळ काढतो, दोन-तीनदा रिफ्रेश मारतो, मग देतो. तक्रार बंद झाली.

या कॉम्प्युटरचं पुढे काय, ते विचारू नका. विंडोज टेनची मदत कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५पासून थांबवली आहे, आणि इलेव्हनला एवढा जुना प्रोसेसर चालत नाही. मेहकरवाल्याचं म्हणणं, चालवून देतो, तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा. गुरुजींचं म्हणणं, आधी अँटिव्हायरस टाका.

काढलेली जुनी हार्ड डिस्क आबांनी मागून घेतली. आत काय आहे ते बघायचं होतं त्यांना. पोराने बारीक स्क्रू ड्रायव्हर दिला, बाकड्यावर बसून आबांनी तासभर खटपट केली, आणि तबकडीशेजारून अंगठ्याएवढा, चांदीसारखा चकचकीत एक चुंबक बाहेर निघाला. तो शटरला टक्कन चिकटला तो दोघांनी ओढून निघेना. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आमच्या सगळ्यांकडे एकेकदा बघून घेतलं.

“आबा,” मी म्हटलं, “पण नव्या एसएसडीत चुंबक नसतो.”

“म्हणून तर पळून राह्यला ना बावा.”